मोंग्गो म्हणजे नको

विहीण रोसिन्ता समुद्रापलीकडच्या सिआंतारहून आली आणि पहिल्याच दिवशी वागिराच्या चपला पायात घालून मोकळी झाली. झालं होतं एवढंच, की दारात पाय धुता धुता रोसिन्ता म्हणाली, "विहीणबाई, चपला मऊ दिसतात हो तुमच्या." वागिरा म्हणाली, "मोंग्गो, घाला ना." घातल्या. तेव्हापासून वागिरा आपल्याच अंगणात मुलाच्या जुन्या, दोन बोटं मोठ्या चपला फटक फटक करत हिंडायची.

आता आमच्या जावा बेटावर मोंग्गो म्हणजे या, बसा, घ्या, तुमचंच आहे. ते म्हणायचं असतं. समोरच्यानं "नको नको, राहू द्या" म्हणायचं असतं. दोघांचाही मान राहतो आणि चपला ज्याच्या त्याच्या पायात राहतात. दारात बसून जेवताना रस्त्यानं जाणाऱ्याला आपण मोंग्गो म्हणतो, म्हणून तो काय पानावर येऊन बसतो? रोसिन्ता बसली असती. बाताकांच्या मुलखात बाई जे बोलते तेच तिच्या मनात असतं म्हणे. असं कसं जगत असतील ती माणसं, देव जाणे.

तशी ती आली होती रीतीनं. सुनेला, तिउर्माला, सातवा लागला होता आणि त्यांच्यात माहेरच्यांनी अखंड मासा रांधून लेकीला भरवायचा असतो. रोसिन्तानं गावाकडून तिरफळासारखे जीभ बधिर करणारे दाणे आणले होते. त्यात तळ्यातला हा एवढा कार्प मासा शिजवला, लेकीला भरवला. उरलेल्यातली डोक्याकडची गालफडाची मऊ वाटी, जी या घरात नवरा गेल्यापासून वागिराच्या पानात पडायची, ती वागिरानं पाहुणीपुढे सरकवली. "मोंग्गो." गेली ती वाटी. पुढच्या माशाचीही गेली. मासा भरवून झाला, रीत संपली, पण बाई काही हलेना. बाळंतपणापर्यंत राहीन म्हणाली. जवळच्या सालातिगा शहरात मुलाचं नवं घर अजून रंगवायचं होतं, म्हणून मुलगा प्रासोजो, सून आणि आता विहीण, सगळे वागिराच्याच घरात.

चपला, मासा, खिडकीजवळची खाट, सगळं वागिरानं गिळलं. गळ्याशी अडकला तो कॅमेरा.

रावापेनिंग तळ्याच्या काठावर वागिराचा टोपल्यांचा कारखाना. तळ्यातली जलपर्णी कापायची, तिचे देठ उन्हात वाळवायचे, टोपल्या, पिशव्या विणायच्या. हाताखाली गावातल्या बाया, आणि वागिराच्या जिभेचा पट्टा असा की वीण ढिली पडायची हिंमत नव्हती. पण नवरा गेल्यावर मुलाचा जुना कॅमेरा तिच्या हाती आला आणि बाई वेडी झाली. शाळेत ती चौथीपर्यंतसुद्धा पोचली नव्हती, कॅमेऱ्यावरची अक्षरं तिला नीट लागायची नाहीत. बटणं दाबून दाबून काय होतं ते बघत शिकली. बर्फाच्या प्लॅस्टिक पिशवीला भोक पाडून ती कॅमेऱ्याच्या काचेवर ताणायची, की कडेनं धुकं आणि मधे चेहरा. चिखलात आरसा ठेवायचा आणि आरशातलं आभाळ घ्यायचं. बटण दाबता दाबता कॅमेरा वर ओढायचा, म्हणजे बांबूचं बेट रंगाच्या फटकाऱ्यांसारखं येतं. यातून कुणाचं पोट भरणार नव्हतं, म्हणूनच ते तिला गोड लागायचं.

रविवारी पहाटे आंबारावा गावची हौशी मंडळी मिळून फोटोला जायची. त्याला सगळे "हंटिंग" म्हणायचे. सुरुवातीला शेजारच्या म्हातारीनं विचारलंही होतं, शिकारीला जातेस तर हरणाचा वाटा आमच्याकडे कधी पाठवणार. त्या मंडळींत वागिरा एकटी म्हातारी, एकटी टोपल्या विणणारी, आणि टोळीचे म्होरके पाक हार्योको तिला "गुरुमाउली" म्हणायचे. थट्टेनं म्हणत असतील, पण म्हणायचे.

रोसिन्ता आल्यावरच्या पहिल्या रविवारी ती म्हणाली, मीही येते. घरी बसून काय करू? वागिरा गळ्यात कॅमेरा अडकवत होती. तोंडातून शब्द निघून गेला, "मोंग्गो. हवं तर कॅमेराही तुम्हीच धरा."

धरला की हो तिनं. सबंध सकाळ धरला. वागिरा हात चोळत मागे मागे, मुलाच्या चपला फटकावत. रोसिन्ता मोठमोठ्यानं हसत होती, कोळ्यांशी गप्पा मारत होती, बगळे उडवून लावत होती. मग ती काठावरच्या कट्ट्यावर बसली. तिथे वागिराच्याच कारखान्यातली एक बुडाला उसवलेली टोपली पडली होती. रोसिन्तानं ती उचलली, डोळ्याला लावली, "अगंबाई" म्हणाली, आणि कॅमेरा टोपलीच्या आत घालून विणीतून सूर्य पकडला. सगळी मंडळी घरी येऊन पडद्यावर बघतात तो काय, विणीच्या भोकाभोकात एकेक इवला सूर्य, आणि मधून एक होडी चाललेली.

पाक हार्योको पडद्याला नाक लावून बघत राहिले. मग म्हणाले, बू वागिरा, हे डोकं तुमचं दिसतंय, टोपली तुमची ना?

"डोकं त्यांचं," वागिरा म्हणाली. हसून म्हणाली. त्या हसण्यानं तिचे गाल दुखले.

त्या दुपारी तिनं कारखान्यात एका बाईच्या तीन टोपल्या उसवायला लावल्या, दोष नसताना. आणि मग एकटी असताना तिनं एक टोपली डोळ्याला लावून पाहिली. सगळा जन्म या टोपल्या विणण्यात गेला. बोटांना घट्टे पडले. पण त्यातून पलीकडे बघावं, हे तिला कधी सुचलं नव्हतं. चार दिवसांची पाहुणी आली आणि बघून गेली. याचा जो काटा रुतला तो चपलांपेक्षा आणि माशापेक्षा खोल रुतला.

वर ती भिंत. नव्या घराच्या बैठकीत सोफ्याच्या मागे एक लांबरुंद पांढरी भिंत होती. तिउर्मा म्हणाली होती, इथे एकच मोठा फोटो लावायचा, घरातल्याच माणसानं काढलेला. तेव्हा घरात फोटो काढणारं एकच माणूस होतं, म्हणून वागिरानं ती भिंत मनातल्या मनात आपल्या नावावर करून टाकली होती. नातवंड त्या भिंतीखाली रांगेल, येणारा जाणारा विचारेल हा कुणाचा फोटो, आणि मूल म्हणेल माझ्या आजीचा. आता टोपलीचा फोटो बघून प्रासोजो, जो सासूला बायकोसारखंच मामाक म्हणजे आई म्हणायचा, जेवताना सहज बोलून गेला, "मामाकचा हा फोटो भिंतीवर काय दिसेल, नाही?" वागिरानं मुलाच्या पानात वाढता वाढता मिरचीचं सांबल असं ओतलं की बिचाऱ्याला पुढे बोलताच आलं नाही.

आजी दोन. भिंत एक. वागिरानं ठरवलं, आता आपला हुकमी फोटो काढायचा.

तो कुठला, हे तिनं कुणाला सांगितलं नव्हतं. तिचा नवरा सुगेंग तळ्यात जिथे जाळं लावायचा, तिथे त्याच्या जाळ्याचे बांबू अजून उभे होते, एकमेकांवर रेलून, म्हाताऱ्या माणसांसारखे. उन्हाळ्यात पाणी उतरलं, वारा पडला, धुकं विरायच्या आत सूर्य वर आला, की ते बांबू आणि त्यांची पडछाया मिळून एक पुरी ओळ व्हायची, वर तेवढीच आणि खाली तेवढीच. त्यात वागिराची युक्ती अशी, की सुगेंगचा वाचायचा चष्मा अर्धा काचेपुढे धरायचा. मग खालचं पाणी विरघळायचं आणि बांबू आभाळात लोंबकळल्यासारखे दिसायचे. सबंध उन्हाळा ती प्रयत्न करत होती. कधी वारा सुटायचा, कधी हात हलायचा.

एका सकाळी रोसिन्तानं विचारलंच. "विहीणबाई, तुम्ही अंधारात एकट्याच होडी काढून कुठे जाता? मी येऊ का एकदा?"

"मोंग्गो, मोंग्गो," वागिरा म्हणाली. "कधीही."

हे कधीही म्हणजे कधीच नाही. जावातली कुठलीही बाई ते ऐकून चहाला लागली असती. दुसऱ्या दिवशी वागिरा पहाटे मांजरीच्या पावलांनी काठावर आली, तर होडीत स्वेटर घालून, मांडीवर उकडलेले कसाव्याचे कंद घेऊन रोसिन्ता आधीच बसलेली. "उशीर केलात," म्हणाली.

वागिराला वाटलं, हिला इथेच पाण्यात ढकलावं. तिनं बांबू उचलला आणि होडी लोटली.

वाटेत ती गप्प होती, आणि रोसिन्ता दोघींच्या वाटचं बोलत होती. नवरा मरून किती वर्षं झाली, सिआंतारच्या घरी आता कोणीच नाही, लेक आईला पाहून हसते पण गप्पा नवऱ्याशी मारते. वागिरा हूं हूं करत होती. तिचं सगळं लक्ष पूर्वेकडे. वारा नव्हता. धुकं पाण्यावर दुधाच्या सायीसारखं बसलेलं. आज मिळणार. सगळ्या उन्हाळ्यात आज मिळणार, आणि नेमकी ही बया फोन घेऊन समोर. हिनं पाहिलं की हिलाही दिसणार. टोपलीतून सूर्य पाहिलेल्या डोळ्याला काय नाही दिसणार?

बांबू धुक्यातून वर आले तशी रोसिन्तानं विचारलं, "कुठल्या बाजूला बघायचं हो?"

वागिरा एक क्षणही अडखळली नाही. "माझ्याकडे तोंड करून बसा," ती म्हणाली. "इकडे पहिल्यांदा माझ्या मागचा डोंगर तांबडा होतो, तो बघण्यासारखा असतो. आणि मागे वळू नका. बगळे बुजतात."

इतकं धडधडीत खोटं ती आयुष्यात बोलली नव्हती. जावात खोटं बोलायची वेळ येत नाही, मोंग्गोनं भागतं. रोसिन्ता मुकाट्यानं वळली आणि पूर्वेकडे पाठ करून बसली.

सूर्य आला. बांबूंची ओळ वर तेवढीच, खाली तेवढीच. वागिरानं सुगेंगचा चष्मा काचेपुढे धरला, श्वास रोखला, जीभ दातांत धरली. "जरा वाका," ती पुटपुटली, आणि रोसिन्ता वाकली. बटण दाबलं. पुन्हा दाबलं. तिला कळलं, मिळाला. छाती अशी भरून आली की समोर कोण बसलंय याचाही विसर पडला.

परतताना तिनं विचारलं, डोंगर कसा वाटला.

"डोंगर काही तांबडा झाला नाही बाई," रोसिन्ता कसावा सोलत म्हणाली. "पण तुम्ही म्हणालात म्हणून बसले."

मग दोन गोष्टी घडल्या. पहिली ही, की प्रासोजोनं दोघींचे फोटो गावातल्या स्टुडिओत नेऊन मोठे करून आणायला टाकले. दुसरी ही, की आईच्या पायातल्या चपला वागिराच्या आहेत हे तिउर्माच्या अखेर लक्षात आलं आणि तिनं आईला मोंग्गोचा अर्थ सांगितला.

काय बोलणं झालं ते वागिरानं भिंतीआडून पुरतं ऐकलं. लेक म्हणत होती, मामाक, इथे पहिल्यांदा नाही म्हणायचं असतं, दुसऱ्यांदाही. तिसऱ्यांदा आग्रह झाला तरच घ्यायचं. आई म्हणत होती, मग पहिल्यांदा विचारतात कशाला? मग रोसिन्ता हळू आवाजात म्हणाली, "म्हणजे होडीतसुद्धा?" आणि लेक म्हणाली, "होडीतसुद्धा."

दुसऱ्या सकाळी चपला पुसून उंबऱ्याशी ठेवलेल्या. खिडकीची खाट रिकामी. दुपारी माशाचं गालफड वागिराच्या पानात आलं. तिनं खाल्लं. चवच लागेना. रविवारी रोसिन्ता पाय दुखतात म्हणून घरी राहिली, आणि पाक हार्योको वागिराला सारखे विचारत राहिले, सिआंतारच्या बाई का नाही आल्या? गुरुमाउली कुणी म्हटलं नाही. म्हणजे ही आली तरी जीव जाळणार, आणि नाही आली तरी. वागिरा चडफडत घरी आली.

नव्या घराला अजून रंगाचा वास होता. प्रासोजोनं दोन्ही फोटो कागदातून काढून भिंतीला टेकवून उभे केले आणि शहाणपणानं दाराशी जाऊन उभा राहिला.

वागिराचा फोटो चांगलाच आला होता. बांबू आभाळात लोंबकळत होते. मग ती दुसऱ्याकडे वळली.

रोसिन्ताचा हा फोटो टोपलीचा नव्हताच, होडीत फोनवर काढलेला होता, आणि त्यात वागिराच होती. होडीच्या टोकाला बसलेली म्हातारी, जुना उसवला स्वेटर, जीभ दातांत, एका हातात कॅमेरा आणि दुसऱ्या हातात चष्मा पुढे धरलेला. समोरून आलेलं तांबडं ऊन सगळं तिच्या तोंडावर. आणि सुगेंगच्या चष्म्याच्या त्या बोटभर काचेत सूर्य होता, धुकं होतं, आणि बांबूंची अख्खी ओळ होती, वर तेवढीच, खाली तेवढीच. वागिरानं सगळा उन्हाळा ज्याच्यासाठी घालवला ते सगळं त्या काचेत मावलं होतं, आणि वर वागिराही होती. आणि हे रोसिन्तानं घेतलं होतं पूर्वेकडे पाठ करून, न वळता.

तिनं दोष शोधले. स्वेटर उसवलेला होता. जीभ बाहेर होती. गालावरचा मस नको इतका दिसत होता. तिनं पुन्हा पाहिलं आणि पुन्हा काचेतले बांबू मोजायला लागली. एकही कमी नव्हता.

तिउर्मा पोटावर हात ठेवून म्हणाली, "इबू, रागावू नका. भिंतीवर मला हा हवाय. बाळाला आजी दिसेल."

रोसिन्ता पुढे आली नाही. खोलीच्या मध्यावर उभी राहून तिनं जपून, परक्या घरात विचारावं तसं विचारलं, "विहीणबाई, लावू का हा?"

वागिरानं फोटोवरून नजर काढली नाही. "मोंग्गो," ती म्हणाली.

रोसिन्तानं मान डोलावली, खाली बसली, आणि फोटो पुन्हा कागदात गुंडाळायला लागली. नीट, कोपरे दुमडून. तिउर्मानं तोंड फिरवलं.

वागिरा बघतच राहिली. तिचा स्वतःचा चेहरा तिच्या डोळ्यांदेखत वर्तमानपत्राखाली निघाला होता.

"अहो, हे काय करताय?"

"तुम्ही मोंग्गो म्हणालात."

"म्हटलं ना. म्हणजे लावा."

"आता शिकलेय मी," रोसिन्ता म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, तेच वाईट होतं. "मोंग्गो म्हणजे नको. चपलेला नको, माशाला नको, होडीला नको. मी मूर्ख बाई, महिनाभर तुमच्या घरात नको नको खात बसले."

"हा मोंग्गो तसला नाही."

"मग कसला? ओळखायचा कसा तो?"

वागिराची आई ओळखायची, आजी ओळखायची, पण कुणी कधी कुणाला समजावून सांगितलं नव्हतं. कागदाखाली आता फक्त चष्मा उरला होता. सुगेंगचा चष्मा. तिनं पुढे होऊन रोसिन्ताचा हात धरला.

"लावा," ती म्हणाली. "लावा म्हणतेय मी. मला हवाय तो तिथे. आमच्या घराण्यात इतकं उघडं कुणी बोललं नसेल, तेव्हा पुन्हा विचारू नका." आणि मग जीभ सैल झालीच होती म्हणून पुढचंही निघून गेलं. "डोंगर तांबडा होत नाही तिकडे. कधीच नाही होत."

"माहीत आहे," रोसिन्ता म्हणाली. "सूर्य आमच्या सिआंतारलाही उगवतो हो, पूर्वेलाच." आणि ती हसली. पहिल्या दिवसासारखी, मोठ्यानं.

त्या हसण्यानं वागिराच्या अंगाची पुन्हा आग आग झाली. म्हणजे हिला माहीत होतं! माहीत असून बसली, आणि पाठमोरी बसून मला हरवून गेली. प्रासोजोनं खिळा ठोकला, फोटो चढला, आणि वागिरानं कमरेवर हात ठेवून तो डावीकडे घे, उजवीकडे घे करत मुलाला घाम फोडला. फोटो सरळ होता. तिला नुसतं कुणावर तरी ओरडायचं होतं.

मग तिनं आपला फोटो उचलला. बराच जड होता, तरी कुणाला हात लावू दिला नाही. आतल्या खोलीत गेली, जिथे पाळणा ठेवायचा होता. पाळण्याच्या जागेच्या वरच्या भिंतीला तो लावून पाहिला आणि तिच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. बैठकीत येतं कोण? पाहुणे. किती वेळ बसतात? चहा होईतो. आणि बाळ? बाळ दिवसभर इथे उताणं पडणार, डोळे उघडले की समोर हेच. विहीणबाईंच्या फोटोत आजी दिसेल, ते खरं, पण बाळ आधी पाहील ते आजीनं पाहिलेलं.

"माझा इथे लावते," तिनं बाहेर सांगितलं. "पाळण्यावर. चालेल ना, विहीणबाई?"

रोसिन्ता दारात आली. तिनं पाळण्याची जागा पाहिली, भिंत पाहिली, वागिराला पाहिलं. सगळं तिच्या ध्यानात आलं असावं, कारण तिचे ओठ थोडे आवळले गेले. मग ती अगदी जावातल्या बाईसारखी, मानानं वाट दाखवायला इथे करतात तसा अंगठा पुढे करून, किंचित वाकून म्हणाली, "मोंग्गो."

वागिरानं तिच्या तोंडाकडे निरखून पाहिलं. हा कुठला मोंग्गो, हे तिला कळेना. विचारावं तर उत्तर यायचं.

तिनं झटकन हातोडा उचलला आणि खिळा ठोकला.